हायड्रोजनचा साठा आणि बहुवारिकांची नॅनोसंमिश्रे

हायड्रोजन हे उद्याचे इंधन आहे, असे गेली अनेक वर्षे सांगितले जाते आणि त्यामागचे कारणही सबळ आहे; परंतु हे इंधन तयार कसे करावे यावर जेवढी चर्चा झाली, तेवढी ते साठवावे कसे यावर झालेली नाही. केंद्र सरकारने ४ जानेवारी २०२३ रोजी राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियानाला मंजुरी देऊन त्यासाठी १९,७४४ कोटी रुपयांची तरतूद केली आणि २०३० पर्यंत दरवर्षी ५० लाख टन हरित हायड्रोजनच्या उत्पादनक्षमतेचे उद्दिष्ट ठेवले. त्याच वर्षीच्या जुलैमध्ये महाराष्ट्रानेही आपले हरित हायड्रोजन धोरण जाहीर केले. उत्पादनाचे आकडे असे मोठे होत जातील, तसतसा साठवणुकीचा प्रश्न अधिक टोकदार होत जाईल. या प्रश्नात बहुवारिकांवर आधारित नॅनोसंमिश्रे कोणती कामगिरी बजावू शकतात, कोणती बजावू शकत नाहीत, आणि कल्याण-डोंबिवलीच्या परिसराचा या शास्त्राशी कोणता संबंध आहे, याचा विचार प्रस्तुत व्याख्यानात केला आहे.

१. हलक्या वायूचे जड ओझे

एक किलो हायड्रोजनमधून सुमारे १२० मेगाज्यूल ऊर्जा मिळते, तर एक किलो पेट्रोलमधून सुमारे ४४ मेगाज्यूल. म्हणजे वजनाच्या हिशेबाने हायड्रोजन पेट्रोलच्या पावणेतीन पट सरस ठरतो. हिशेब आकारमानाचा केला, की चित्र पूर्ण उलटते. आपल्याकडच्या नेहमीच्या तापमानाला आणि दाबाला एक किलो हायड्रोजन सुमारे १२ घनमीटर जागा व्यापतो; दहा फूट लांब, दहा फूट रुंद आणि दहा फूट उंच अशा खोलीत तो फार तर सव्वादोन किलोच्या आसपास मावेल. एका मोटारीला पाचशे किलोमीटरचा पल्ला गाठण्यासाठी साधारण ५ किलो हायड्रोजन लागतो, हे लक्षात घेतले म्हणजे अशा दोन खोल्यांतला वायू गाडीच्या मागच्या आसनाखाली बसवण्याची ही समस्या आहे, हे स्पष्ट होते.

यावर रूढ उपाय दोन आहेत. पहिला वायू दाबण्याचा. ७०० बार, म्हणजे वातावरणाच्या सुमारे सातशे पट दाबाला एक लिटर जागेत जवळपास ४० ग्रॅम हायड्रोजन बसतो. दुसरा उपाय तो द्रवरूप करण्याचा. त्यासाठी उणे २५३ अंश सेल्सिअसपर्यंत थंड करावे लागते, तेव्हा एका लिटरमध्ये सुमारे ७१ ग्रॅम मावतो, परंतु त्या थंडाव्यासाठी हायड्रोजनमधील ऊर्जेच्या जवळजवळ एक तृतीयांशाएवढी ऊर्जा खर्ची पडते आणि टाकी कितीही चांगली असली, तरी थोडा वायू सतत उकळून निघून जातो. दाबण्याच्या उपायालाही वजनाची किंमत मोजावी लागते. कारखान्यांत दिसणाऱ्या, लाल रंगाने रंगवलेल्या, सुमारे ५० लिटरच्या पोलादी सिलिंडरमध्ये १५० बारच्या आसपास दाबाने भरलेला हायड्रोजन जेमतेम सहाशे ग्रॅम असतो आणि सिलिंडरचे स्वतःचे वजन ५० किलोहून अधिक असते. म्हणजे वाहून नेलेल्या वजनापैकी इंधन केवळ एक टक्का. शिवाय हायड्रोजनचे अणू पोलादात शिरून त्याला ठिसूळ करतात, त्यामुळे दाब वाढवत नेणे पोलादाच्या भरवशावर करता येत नाही.

२. टाकीचे अस्तर

या अडचणीतून बहुवारिकांचा प्रवेश झाला. लहान रेणूंच्या हजारो कड्या एकमेकींना जोडून बनलेल्या लांब साखळ्यांच्या पदार्थाला बहुवारिक म्हणतात; पॉलिथिन, नायलॉन, रबर, ॲक्रिलिक ही त्याची रोजच्या परिचयाची उदाहरणे होत. दोन किंवा अधिक पदार्थ आपापले अस्तित्व टिकवून एकत्र नांदतात आणि त्यांतून कोणत्याही एकट्याकडे नसलेले गुण उभे राहतात, तेव्हा त्याला संमिश्र म्हणतात. आणि मिसळलेल्या घटकाची किमान एक मिती नॅनोमीटरच्या, म्हणजे मीटरच्या अब्जांशाच्या पल्ल्यात असते, तेव्हा ते नॅनोसंमिश्र ठरते.

दाबाखालच्या टाक्यांचे चार प्रकार मानले जातात. पहिला पूर्ण धातूचा. दुसऱ्यात धातूच्या मधल्या भागाभोवती तंतूंचे वेढे. तिसऱ्यात ॲल्युमिनियमच्या अस्तरावर संपूर्ण तंतूंचे आवरण. आणि चौथ्यात अस्तरच मुळी बहुवारिकाचे, बहुधा नायलॉनचे किंवा उच्च घनतेच्या पॉलिथिनचे, आणि त्यावर कार्बन तंतू व इपॉक्सी रेझिन यांची जाड वीण. या चौथ्या प्रकारामुळेच ७०० बारची टाकी मोटारीत बसवण्याइतकी हलकी झाली. टोयोटा कंपनीने २०१४ मध्ये बाजारात आणलेल्या मिराई या मोटारीत सुमारे ५ किलो हायड्रोजन अशाच टाक्यांत साठवला जात असे आणि टाकीच्या वजनाच्या तुलनेत इंधनाचे प्रमाण ५.७ टक्क्यांपर्यंत पोहोचले होते. पोलादी सिलिंडरच्या एका टक्क्याशी ताडून पाहिले, म्हणजे या प्रगतीचे मोल कळते.

दाब सोसण्याचे काम कार्बन तंतू करतात आणि वायू अडवण्याचे काम अस्तर करते. पण हे अस्तर पूर्णतः अभेद्य नसते. वायूचे रेणू बहुवारिकाच्या एका पृष्ठभागात विरघळतात, साखळ्यांमधल्या सूक्ष्म पोकळ्यांतून सरकत जातात आणि दुसऱ्या बाजूने बाहेर पडतात. ही यंत्रणा टॉमस ग्रॅहम या शास्त्रज्ञाने १८६६ मध्येच रबरावरील प्रयोगांतून मांडली होती. हायड्रोजनचा रेणू एका नॅनोमीटरच्या तिसऱ्या भागाहूनही लहान असल्याने या वाटेवर तो इतर बहुतेक वायूंपेक्षा वेगाने चालतो. अस्तरात मुरलेला वायू आणखी एक त्रास देतो. टाकी झपाट्याने रिकामी केली, की टाकीतला दाब उतरतो, अस्तरात मुरलेला वायू फुगतो आणि अस्तराला फोड येतात किंवा ते तंतूंच्या आवरणापासून सुटून आत दबते. भरताना हायड्रोजन तापतो आणि प्रवासात टाकी थंडीही सोसते. म्हणून उणे ४० ते अधिक ८५ अंश सेल्सिअस एवढ्या पल्ल्यात हजारो वेळा भरले-रिकामे केले, तरी अस्तर शाबूत राहावे, अशी अपेक्षा असते.

३. चिकणमातीच्या पापुद्र्यांचे सामर्थ्य

अस्तराची गळती कमी करण्यासाठी नॅनोसंमिश्राची कल्पना कशी उपयोगी पडते, हे जरा बारकाईने पाहण्यासारखे आहे. माँटमोरिलोनाइट ही एक प्रकारची चिकणमाती असून ती पुस्तकाच्या पानांप्रमाणे एकावर एक रचलेल्या पापुद्र्यांची बनलेली असते. प्रत्येक पापुद्रा सुमारे एक नॅनोमीटर जाड आणि शंभर किंवा त्याहून अधिक नॅनोमीटर रुंद असतो. हे पापुद्रे सुटे करून नायलॉनमध्ये पसरवण्याची रीत जपानमधील टोयोटाच्या मध्यवर्ती संशोधन प्रयोगशाळेने १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात सिद्ध केली आणि त्यातूनच बहुवारिक नॅनोसंमिश्रांच्या आधुनिक संशोधनाला खरी चालना मिळाली.

पापुद्र्यांमधून वायू पार होत नाही, त्यामुळे अस्तर ओलांडू पाहणाऱ्या रेणूला प्रत्येक पापुद्र्याला वळसा घालून जावे लागते आणि त्याची वाट लांबते. ही वाट किती लांबते, याचे सोपे गणित लॉरेन्स नीलसन यांनी १९६७ मध्ये मांडले. पापुद्र्याची रुंदी जाडीच्या शंभर पट असेल आणि ते अस्तराच्या आकारमानाच्या केवळ दोन टक्के भरले असतील, तर या सूत्रानुसार गळती मूळच्या ४९ टक्क्यांवर येते. शंभर भागांत दोन भाग माती घालून गळती निम्मी करता येते, हे नॅनोसंमिश्रांचे बळ आहे. ग्रॅफीन ऑक्साइडसारख्या, रुंदी आणि जाडीचे गुणोत्तर याहून मोठे असलेल्या पापुद्र्यांपासून आणखी लाभाची अपेक्षा ठेवली जाते.

मात्र हे गणित आदर्श स्थितीचे आहे. पापुद्रे सगळे सुटे झाले आहेत, एकसारखे पसरले आहेत आणि वायूच्या वाटेला आडवे निजले आहेत, असे त्यात गृहीत धरलेले असते. प्रत्यक्षात माती पाणी धरून ठेवणारी आणि बहुवारिक तेलकट प्रकृतीचे, त्यामुळे दोघांचे सहजासहजी जमत नाही. पापुद्र्यांवर सेंद्रिय रेणूंचा लेप देऊन त्यांची मैत्री घडवावी लागते, वितळलेल्या बहुवारिकात ते योग्य ताणाने घुसळावे लागतात आणि गुठळ्या उरल्या, तर त्याच ठिकाणी तडे जाऊ लागतात. भरीचे प्रमाण वाढवले की अस्तर ताठर होते आणि थंडीत ठिसूळपणा दाखवते. गळती, लवचीकपणा आणि घडणसुलभता या तिन्हींचा मेळ घालणे, हेच या क्षेत्रातील अभियंत्यांचे खरे कसब होय.

४. घन पदार्थातील साठा आणि बहुवारिकाचे कवच

दाबाखालची टाकी कितीही सुधारली, तरी ७०० बारचा दाब राहतोच. रिक्षात आणि बसमध्ये आज वापरल्या जाणाऱ्या सीएनजीच्या टाकीत सुमारे २०० बार दाब असतो. हायड्रोजनसाठी त्याच्या साडेतीन पट दाब धरावा लागतो आणि तो निर्माण करायला ऊर्जाही लागते. म्हणून हायड्रोजन एखाद्या घन पदार्थात कमी दाबाखाली धरून ठेवावा, या विचाराने दुसरी वाट शोधली गेली.

काही धातू हायड्रोजनशी संयोग पावून हायड्राइड बनवतात. मॅग्नेशियम हायड्राइडमध्ये हायड्रोजनचे प्रमाण वजनाच्या ७.६ टक्के असते आणि मॅग्नेशियम स्वस्त व विपुल आहे. अडचणी तीन आहेत : हायड्रोजन बाहेर काढण्यासाठी सुमारे ३०० अंश तापमान लागते, भरताना हायड्रोजनच्या प्रत्येक किलोमागे जवळपास ३७ मेगाज्यूल उष्णता बाहेर पडते, तिची विल्हेवाट लावावी लागते, आणि मॅग्नेशियमचे कण वेग वाढवण्यासाठी नॅनो आकाराचे केले, तर हवेतील ऑक्सिजन आणि ओलावा त्यांना ताबडतोब निकामी करतात.

तिसऱ्या अडचणीवर अमेरिकेतील लॉरेन्स बर्कली राष्ट्रीय प्रयोगशाळेतील संशोधकांनी २०११ मध्ये एक नामी उपाय प्रसिद्ध केला. त्यांनी मॅग्नेशियमचे नॅनोस्फटिक पॉलिमिथाइल मेथॅक्रिलेटमध्ये, म्हणजे दुकानांच्या पाट्यांसाठी वापरल्या जाणाऱ्या ॲक्रिलिकच्याच जातीच्या बहुवारिकात, बसवले. हे बहुवारिक लहान हायड्रोजनला आत-बाहेर येऊ-जाऊ देते, पण ऑक्सिजनला आणि पाण्याच्या वाफेला पुरेसे रोखून धरते. परिणामी ते संमिश्र हवेत टिकले, २०० अंशांना अर्ध्या तासाच्या आत भरले गेले आणि मॅग्नेशियमच्या वजनाच्या ६ टक्क्यांपर्यंत, तर संपूर्ण संमिश्राच्या वजनाच्या ४ टक्क्यांपर्यंत हायड्रोजन धरू शकले. अस्तरात बहुवारिकाने हायड्रोजनला अडवावे लागते आणि इथे त्यालाच वाट मोकळी ठेवून इतरांना अडवावे लागते. एकाच जातीच्या पदार्थाकडून परस्परविरुद्ध कामे करून घेता येतात, ती त्याच्या साखळ्यांची रचना आणि मिसळलेले घटक बदलून.

५. सच्छिद्र पदार्थ आणि कल्याणमधील संशोधन

तिसरी वाट अधिशोषणाची. अतिसच्छिद्र पदार्थाच्या अंतर्गत पृष्ठभागावर वायूचे रेणू रासायनिक बंध न जोडता नुसते चिकटून राहतात, तेव्हा त्याला अधिशोषण म्हणतात. त्यामुळे भरणे-काढणे झटपट होते. सक्रियित कार्बन, कार्बनच्या नॅनोनलिका, धातू-सेंद्रिय चौकटी आणि मँचेस्टर विद्यापीठातील पीटर बड व नील मॅकीऑन यांच्या गटाने २००४ मध्ये मांडलेली, मूळच्या रचनेतच सूक्ष्म छिद्रे असणारी बहुवारिके, हे या वाटेवरचे प्रमुख पदार्थ.

या वाटेवर कल्याणचे नाव मानाने घ्यावे लागते. आयआयटी मुंबईतील रसायनशास्त्राचे प्राध्यापक महेश्वर शेरॉन यांनी आणि माधुरी शेरॉन यांनी कल्याणच्या बिर्ला महाविद्यालयातील नॅनोतंत्रज्ञान संशोधन केंद्राच्या साहाय्याने वनस्पतिजन्य पदार्थांपासून कार्बनचे नॅनोपदार्थ बनवण्याचे काम चिकाटीने केले. २००७ मध्ये हायड्रोजन ऊर्जेवरील एका आंतरराष्ट्रीय नियतकालिकात त्यांच्या गटाचा निबंध प्रसिद्ध झाला. त्यात तेलबिया आणि वनस्पतींचे तंतू हवेविना तापवून मिळालेल्या कार्बनची तपासणी होती. उसाच्या चिपाडापासून आणि नारळाच्या काथ्यापासून नळ्यांसारखे पोकळ मार्ग असलेला कार्बन मिळाला, आणि साध्या तापमानाला सोयाबीनपासूनच्या कार्बनने वजनाच्या १.०९ टक्के, तर चिपाडापासूनच्या कार्बनने २.०५ टक्के हायड्रोजन धरल्याची नोंद झाली. साखर कारखान्यांच्या या राज्यात चिपाडाची वाण कधीच पडणार नाही, त्यामुळे या निवडीमागची दृष्टी विशेष कौतुकास्पद आहे.

या आकड्याचा व्यवहारी अर्थही समजून घ्यावा. २.०५ टक्के म्हणजे १०० ग्रॅम कार्बनला सुमारे २ ग्रॅम हायड्रोजन. मोटारीसाठी ५ किलो हवा असेल, तर जवळपास अडीचशे किलो कार्बन लागेल. अमेरिकेच्या ऊर्जा विभागाने वाहनांसाठी २०२५ पर्यंत गाठायचे म्हणून ठेवलेले उद्दिष्ट संपूर्ण टाकीच्या वजनाच्या ५.५ टक्क्यांचे होते. ही दरी का पडते, याचे मूळ चिकटण्याच्या बळात आहे. पूर्वी आयआयटी मुंबईत अध्यापन केलेले सुरेश भाटिया आणि ॲलन मायर्स यांनी २००६ मध्ये दाखवून दिले, की साध्या तापमानाला ३० बारपर्यंत भरून दीड बारपर्यंत रिकामा करायचा असेल, तर चिकटण्याची ऊर्जा प्रत्येक मोलमागे सुमारे १५ किलोज्यूल असावी. कार्बनमध्ये ती साधारण ६ किलोज्यूलच्या घरात असते. कमी बळाने धरलेला वायू साध्या तापमानाला निसटतो आणि त्याला धरून ठेवण्यासाठी द्रव नायट्रोजनच्या उणे १९६ अंशांपर्यंत खाली जावे लागते.

इथेही बहुवारिकाची जोड मिळते. कार्बन आणि तत्सम पदार्थ भुकटीच्या रूपात असतात. भुकटी टाकीत भरली, तर धक्क्यांनी बसते, उडते, झडपा तुंबवते. इंग्लंडमधील बाथ विद्यापीठातील संशोधकांनी २०१७ मध्ये पिम-१ या सच्छिद्र बहुवारिकात दुसऱ्या अतिसच्छिद्र पदार्थाची भुकटी मिसळून हाताळता येण्याजोगे पातळ पत्रे बनवले. साधा डिंक भुकटीची छिद्रे बुजवून टाकतो. पिम-१ स्वतःच सच्छिद्र असल्याने वायूची वाट मोकळी राहते. चिपाडाच्या कार्बनलाही असे बांधणारे बहुवारिक मिळवून देणे, हा आपल्या महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांसाठी नेटका संशोधनविषय ठरू शकतो.

६. मोजमापाची शिस्त

या शास्त्राच्या इतिहासात मोठ्या आशांची आणि तितक्याच मोठ्या निराशेची प्रकरणे आहेत. १९९७ मध्ये कार्बन नॅनोनलिकांमध्ये ५ ते १० टक्के हायड्रोजन मावतो असा अंदाज प्रसिद्ध झाला आणि जगभर खळबळ उडाली. पुढे जर्मनीतील मायकेल हिर्शर यांच्या गटाने दाखवले, की अशा नमुन्यांत प्रक्रियेच्या वेळी मिसळलेला टायटॅनियमचा मिश्रधातूच बराचसा हायड्रोजन धरत होता. २००२ मध्ये कोरियातील संशोधकांनी आम्लाची प्रक्रिया केलेल्या पॉलिॲनिलिन आणि पॉलिपायरोल या विद्युत्वाहक बहुवारिकांत ६ ते ८ टक्के साठा नोंदवला; २००५ मध्ये हिर्शर यांच्याच गटाने प्रयोग पुन्हा केले, तेव्हा तो साठा आढळला नाही.

असे का घडते, हे एका हिशेबावरून ध्यानात येईल. एक ग्रॅम नमुन्याने २ टक्के हायड्रोजन धरला, तर तो २० मिलिग्रॅम होतो. उपकरणाचे आकारमान एक लिटर आणि दाब १०० बार असेल, तर आतील मोकळा हायड्रोजनच साडेसात ग्रॅमहून अधिक असतो. या स्थितीत तापमान मोजताना एका अंशाची चूक झाली, तरी सुमारे २६ मिलिग्रॅमचा फरक पडतो, म्हणजे चूक मोजायच्या राशीहून मोठी होते. म्हणून नमुना पुरेसा असावा, उपकरण लहान व स्थिर तापमानाचे असावे, गळती तपासलेली असावी, नमुन्यातील ओलावा काढलेला असावा आणि दुसऱ्या प्रयोगशाळेने तोच आकडा स्वतंत्रपणे मिळवावा, हे नियम पाळल्याशिवाय कोणताही आकडा प्रसिद्ध होऊ नये. मोठा आकडा छापण्यापेक्षा खरा आकडा छापणे, हीच या क्षेत्राची खरी सेवा आहे.

७. मानपाड्याच्या परिसरासाठी

मानपाडा रस्ता डोंबिवली पूर्वेच्या स्थानकापासून कल्याण-शीळ रस्त्याला जाऊन भिडतो आणि त्याच परिसरात डोंबिवलीची औद्योगिक वसाहत लोकवस्तीला अगदी खेटून उभी आहे. मे २०१६ मध्ये आणि पुन्हा २३ मे २०२४ रोजी इथल्या रासायनिक कारखान्यांत झालेल्या स्फोटांनी जीव घेतले आणि दूरवरच्या इमारतींच्या काचा फोडल्या. ते अपघात हायड्रोजनच्या साठ्याचे नव्हते. तरीही दाबाखालच्या आणि ज्वलनशील पदार्थांविषयी इथल्या रहिवाशांच्या मनात बसलेली धास्ती सर्वस्वी न्याय्य आहे. हायड्रोजन हवेत ४ ते ७५ टक्के एवढ्या विस्तृत प्रमाणात पेट घेतो, अत्यल्प ठिणगीनेही पेटतो आणि त्याची ज्योत दिवसाउजेडी जवळजवळ दिसत नाही. मात्र तो अतिशय हलका असल्याने मोकळ्या जागेत झपाट्याने वर निघून जातो. म्हणून दाट वस्तीच्या शहरांत साठ्याचा दाब उतरवणे आणि अस्तराची गळती कमी करणे, हे केवळ कार्यक्षमतेचे प्रश्न राहत नाहीत. ते शेजाऱ्याच्या सुरक्षिततेचे प्रश्न होतात.

या परिसराकडे त्यासाठीचे भांडवल आहे. १९६० च्या दशकाच्या अखेरीस ठाणे-बेलापूर पट्ट्यात नाफ्थापासून पेट्रोरसायने आणि उच्च घनतेचे पॉलिथिन बनू लागले. आज टाकीच्या अस्तरासाठी तोच पदार्थ वापरात आहे. ट्रॉम्बेला भाभा अणुसंशोधन केंद्र, पवईला आयआयटी, पुण्याला राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा एवढ्या अंतरात आहेत. पुण्याच्या या प्रयोगशाळेच्या सहभागाने विकसित झालेली हायड्रोजनवरील बस ऑगस्ट २०२२ मध्ये लोकांसमोर आली. दाबाच्या सिलिंडरांना परवानगी देणाऱ्या पेट्रोलियम आणि स्फोटके सुरक्षा संघटनेचे मुख्यालयही याच राज्यात, नागपुरात आहे.

बहुवारिक स्वतः फारसा हायड्रोजन साठवत नाही, हा आजवरच्या संशोधनाचा निष्कर्ष नीट स्वीकारला पाहिजे. त्याची कामगिरी साठवणाऱ्याला सांभाळण्याची आहे : टाकीची गळती अडवण्याची, मॅग्नेशियमला हवेपासून वाचवण्याची, कार्बनच्या भुकटीला आकार देण्याची. ही कामे दुय्यम वाटली, तरी त्यांच्यावाचून हायड्रोजन प्रयोगशाळेबाहेर पडू शकत नाही. कल्याण-डोंबिवली आणि ठाण्यातील महाविद्यालयांनी एकत्र येऊन वायूचे अधिशोषण आणि बहुवारिकांतील गळती अचूक मोजणारे एक सामायिक केंद्र उभारावे, परिसरातील प्लास्टिक आणि रसायन उद्योजकांनी आपले नमुने तिथे तपासून घ्यावेत, आणि तिथे निघालेला प्रत्येक आकडा, तो लहान असला तरी, खुलेपणाने प्रसिद्ध करावा. ज्या वसाहतीने रासायनिक उद्योगाची किंमत मोजली आहे, तिथल्याच विद्यार्थ्यांनी सुरक्षित साठवणुकीचे शास्त्र हाती घ्यावे, एवढेच त्यांना कळकळीचे आवाहन आहे.